बाबासाहेबांचे पुस्तक विकतो कोण? आंबेडकरी तरुण आणि ऑनलाइन मार्केटिंग

आंबेडकरी तरुणांच्या बैठकीत ऑनलाइन मार्केटिंगचा विषय काढला की दोन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. पहिले उत्तर जुन्या कार्यकर्त्याचे असते. हा भांडवलदारांचा खेळ आहे, आपल्या पोरांनी यात पडू नये, असे ते सांगतात. दुसरे उत्तर मोबाइलवर रोज भेटणाऱ्या प्रेरणादायी वक्त्याचे असते. आरक्षण विसरा, नोकरी विसरा, रील बनवा आणि लाखो रुपये कमवा, असे तो सांगतो. ही दोन माणसे एकमेकांच्या विरोधात बोलतात असे वाटते, पण दोघांच्या उत्तराचा फटका बसतो तो एकाच माणसाला. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर चादर अंथरून पुस्तके, कॅलेंडर, मूर्ती आणि गाण्यांच्या सीडी विकणारा आपला छोटा व्यावसायिक आणि त्याच्या दुकानात काम शोधणारा बी.ए. झालेला तरुण यांना या दोन्ही उत्तरांतून काहीच मिळत नाही.

आधी पहिल्या आक्षेपाचे बोलू, कारण तो प्रामाणिक आहे. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. हे कोणीही विसरू नये. पण त्याच बाबासाहेबांनी वृत्तपत्रे काढली, छापखाना उभारला, वर्गणीदार जमवण्यासाठी धडपड केली. 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये आर्थिक ओढाताणीत बंद पडले. विचार कितीही मोठा असला तरी कागदाचे, शाईचे आणि टपालाचे बिल भरावेच लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शिवाय जाहिरात आणि जात यांचे नाते आपल्या चळवळीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे पैसा होता, मजकूर होता, वाचकही होता. फक्त त्या वाचकापर्यंत जाणारी वाट दुसऱ्याच्या ताब्यात होती. मार्केटिंग या शब्दाचा खरा अर्थ मला तरी याहून सोपा करून सांगता येणार नाही. वस्तू आणि ग्राहक यांच्यामधली वाट कोणाच्या ताब्यात आहे, एवढाच तो प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवून चहा मागवू लागले आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजू लागले. आज ज्याला ग्राहकाचा विश्वास मिळवणे म्हणतात ते काम राजाने स्वतःच्या अंगावर घेतले. जातीच्या समाजात माल चांगला असला की तो आपोआप विकला जातो, हे खोटे आहे, असे महाराजांना कळले होते. आज आपल्या दुकानासमोर कोणाची गाडी थांबणार नाही. तो विश्वास आपल्यालाच कमवावा लागेल आणि त्यासाठी जी साधने आज उपलब्ध आहेत ती शिकावी लागतील.

स्टॉल आणि सर्च

आता आजच्या दुकानाकडे येऊ. आपला पुस्तक व्यवसाय चार-पाच तारखांवर चालतो. १४ एप्रिल, अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, १ जानेवारी. या दिवशी दादरला, नागपूरला, भीमा कोरेगावला लाखो माणसे येतात आणि पुस्तके घेऊन जातात. जगात अशी वाचकांची जत्रा क्वचितच भरत असेल. पण ७ डिसेंबरला काय होते? स्टॉल उठतो, गठ्ठे बांधले जातात. काल ज्या दोन हजार माणसांनी पुस्तके घेतली त्यांच्यापैकी एकाचाही फोन नंबर विक्रेत्याकडे नसतो. परभणीहून आलेल्या मुलीने 'जातिप्रथेचे विध्वंसन' नेले, तिला पुढे 'शूद्र पूर्वी कोण होते?' वाचायचे आहे. ती मोबाइलवर शोधते आणि जे पहिले दिसते ते मागवते.

ते पहिले दिसणारे कोणाचे असते? इथे एक कायद्याची गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ ग्रंथांवरचा हक्क २०१६ च्या अखेरीस संपला. १ जानेवारी २०१७ पासून हे ग्रंथ कोणीही छापू शकतो. चांगली गोष्ट आहे, विचार मोकळा झाला. पण त्या दिवसापासून बाबासाहेबांचे पुस्तक कोण विकणार हे चळवळीतल्या योगदानावर ठरत नाही. ज्याला शोधयादीत वर येता येते, ज्याचा फोटो स्वच्छ आहे, ज्याच्याकडे ग्राहकांचे अभिप्राय जमले आहेत, तो विकतो. ज्या प्रकाशकांनी आयुष्यात कधी आंबेडकर जयंतीला हजेरी लावली नाही, तेही आज बाबासाहेब विकत आहेत. त्यांना तो अधिकार आहे. मात्र ज्यांनी कोणी विचारत नव्हते तेव्हा कर्ज काढून ही पुस्तके छापली आणि डोक्यावर गठ्ठे वाहून गावोगाव पोचवली, ते या यादीत दिसतही नाहीत. ते दिसेनासे झाले तर फक्त एक दुकान बंद होणार नाही. नवा आंबेडकरी लेखक, विद्रोही कवीचा पहिला संग्रह, बौद्ध विवाह-संस्कारांची छोटी पुस्तिका छापणारे घर बंद होईल. मोठा प्रकाशक फक्त खपणारे पुस्तक छापणार आहे.

शिकायचे कुठे?

ऑनलाइन मार्केटिंग शिकवणाऱ्या क्लासचे पेव फुटले आहे. मी ज्या वस्त्यांत काम करते तिथल्या मुलांनी हप्त्यावर फी भरून प्रमाणपत्रे घेतलेली मी पाहिली आहेत. प्रमाणपत्रावर डझनभर विषय असतात. पण एखाद्या खऱ्या ग्राहकाचा 'पार्सल आले नाही' असा फोन त्या मुलाने कधी घेतलेला नसतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की नवख्याने आधी एखाद्या छोट्या दुकानात शिकावे. पुस्तकाचे, मूर्तीचे, चपलांचे, मसाल्याचे, कोणतेही. छोट्या दुकानात फोन, हिशेब, पॅकिंग, टपाल आणि तक्रार हे सगळे एकाच टेबलावर असते, त्यामुळे जाहिरातीच्या एका रुपयाचे पुढे काय होते ते डोळ्यांना दिसते. मूलभूत धडे गुगल आणि मेटा या कंपन्या स्वतःच फुकट देतात. ते रात्री पाहा आणि सकाळी दुकानात वापरा.

पहिला महिनाभर जाहिरातीवर एक रुपयाही खर्च करू नका. एक वही घाला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमचे नाव कुठे ऐकले? काय शोधत होता? ते मिळाले का? परवानगी देईल त्याचा नंबर आणि गाव लिहा. समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगितले जायचे की क्षेत्रात जाऊन विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. मार्केटिंगमध्येही तेच आहे, त्याला फक्त इंग्रजी नाव दिले आहे.

दुसरे काम, गुगलवर दुकानाचे मोफत प्रोफाइल उघडणे. पडताळणी करून पत्ता, वेळ, फोन आणि फोटो टाकायचे. आपला ग्राहक मराठी शब्दसुद्धा अनेकदा रोमन अक्षरांत टाइप करतो, म्हणून पुस्तकांची नावे दोन्ही लिप्यांत लिहावीत. समाधानी ग्राहकाला अभिप्राय लिहायची विनंती करावी. खोटे अभिप्राय मात्र भावाकडून, मित्राकडून लिहून घेऊ नयेत. ते नियमात बसत नाहीत आणि ज्या समाजाचा पाया पंचशीलावर आहे त्याला शोभतही नाहीत.

तिसरे, व्हॉट्सअॅप बिझनेस. यात वस्तूंची यादी फोटो आणि किमतीसह लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे साठवता येतात आणि ग्राहकांना 'नवी ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पाठवले' अशी लेबले लावता येतात. साध्या ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्याने आपला नंबर जतन केला आहे त्यालाच पोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. मला तो चांगला नियम वाटतो, कारण ग्राहकाने आपला नंबर जतन करावा असे काहीतरी आपल्याला आधी द्यावे लागते. आठवड्यातून एका पुस्तकाची दहा ओळींत ओळख लिहून पाठवा. वाचणारा माणूस नंबर जतन करतो.

चौथे, फोटो. दिवसाच्या उजेडात मुखपृष्ठ, मलपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक आतले पान. सोबत पानांची संख्या, आवृत्ती, अनुवादकाचे नाव, किंमत आणि टपालखर्च. बाबासाहेबांच्या एकाच ग्रंथाचे पाच अनुवाद बाजारात असताना अनुवादक कोण आणि मजकूर संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे सांगणारा विक्रेता वेगळा उठून दिसतो. हे ज्ञान आपल्या स्टॉलवाल्याकडे आहे, मोठ्या संकेतस्थळांकडे नाही. आपली खरी भांडवली ताकद हीच आहे.

लाइक आणि हिशेब

जाहिरातीचा टप्पा यानंतर येतो आणि इथेच नवखे सर्वाधिक पैसे घालवतात. पोस्टखालचे 'बूस्ट'चे बटण दाबले की हजारो लोकांनी पाहिले असा आकडा येतो आणि मालक खूश होतो. पाहणे म्हणजे विकणे नव्हे. एक सरळ हिशेब करून पाहू.

समजा सहाशे रुपयांचा पुस्तकसंच आहे. तो दुकानाला चारशेला पडतो, पॅकिंगला वीस रुपये लागतात आणि टपालखर्च ग्राहक देतो. म्हणजे एका संचामागे १८० रुपये उरतात. रोज २०० रुपये याप्रमाणे सात दिवस जाहिरात केली तर १४०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १६५२. या जाहिरातीमुळे साठ जणांनी चौकशी केली आणि सात जणांनी संच घेतला. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च २३६ रुपये झाला, म्हणजे प्रत्येक संचामागे ५६ रुपयांचा तोटा, सात संचांवर ३९२. पोस्टला मात्र पाचशे लाइक आहेत!

आता याच सातपैकी तिघांनी वर्षभरात पुन्हा तेवढीच खरेदी केली, तीही जाहिरातीशिवाय, तर ५४० रुपये मिळतात आणि तोटा भरून १४८ रुपये उरतात. म्हणून छोट्या दुकानाचा जीव जुन्या ग्राहकात असतो. आणि साठ चौकशांपैकी त्रेपन्न जण का परत गेले, हे मालकाला विचारा. किंमत जास्त वाटली, उत्तर उशिरा मिळाले की टपालखर्च ऐकून थांबले? बहुतेक वेळा तिथे जास्त जाहिरातीची गरज नसते, वेळेवर उत्तर देणाऱ्या माणसाची असते.

टपालखर्चाचा मुद्दा तर पुस्तकवाल्याच्या मुळावर आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सेवा बंद केली आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर असा जाहीर झाला. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तके त्यात जातात. आपल्या किती विक्रेत्यांना हे माहीत आहे? मार्केटिंग शिकणाऱ्या मुलाने पोस्टात जाऊन हे नियम समजून घेणे, हे रील बनवण्याइतकेच मार्केटिंगचे काम आहे.

नाव, क्यूआर आणि जात

मोठ्या क्लासमध्ये जे कधीच शिकवले जात नाही ते आता सांगते. क्यूआर कोड स्कॅन केला की ग्राहकाला खातेदाराचे नाव दिसते. नावाबरोबर आडनाव दिसते आणि आडनावाबरोबर आपल्या समाजात जात दिसते. पुस्तकाच्या दुकानाला याचा फारसा त्रास नाही. पण घरगुती डबा, लोणची-मसाले, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या आपल्या बहिणींना विचारा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पात्रता सारखी असूनही दलित आडनावाच्या अर्जदारांना खासगी कंपन्यांकडून कमी बोलावणी आल्याचे दिसले होते. नोकरी देणारा जर आडनाव वाचतो, तर डबा घेणारा वाचत नसेल का?

व्यवसायाच्या नावाने खाते आणि व्यापारी क्यूआर काढला की तिथे दुकानाचे नाव दिसू शकते. व्यवसाय म्हणूनही ते बरे, हिशेब वेगळा राहतो. एखाद्या बहिणीने पोटासाठी आडनाव मागे ठेवले तर तिला स्वाभिमानाचे प्रवचन देण्याचा अधिकार मला वाटत नाही. बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा त्यांची जात कळल्यावर ग्राहक येईनासे झाले. विलायतेत शिकलेल्या अर्थशास्त्रज्ञाची ही गत, तर डबेवालीची काय? मात्र ज्यांना परवडते त्यांनी नाव उघड ठेवून दर्जा सिद्ध करावा, आणि आपण सर्वांनी त्यांच्या दुकानासमोर शाहू महाराजांची गाडी होऊन थांबावे. विकत घ्यावे, खरा अभिप्राय लिहावा, दहा जणांना सांगावे. उधारी मात्र मागू नये!

काही मर्यादा

चळवळीतल्या तरुणाने हे कौशल्य वापरताना काही रेषा स्वतःच आखून घ्याव्यात. विहाराची, जयंती मंडळाची किंवा मोर्चासाठी जमवलेली नंबरांची यादी धंद्यासाठी वापरू नये. लोकांनी तो नंबर वेगळ्या कामासाठी विश्वासाने दिलेला असतो, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. अत्याचाराची बातमी आली की तिच्या जोडीला आपले टी-शर्ट आणि स्टिकर विकायला काढू नयेत. 'आपल्या माणसाकडूनच घ्या' हे आवाहन पहिल्या खरेदीपुरते चालते, दुसरी खरेदी दर्जावर होते. आणि झटपट दुप्पट पैसे देणाऱ्या साखळी योजनांना 'जय भीम' म्हणून वस्तीत घुसवणाऱ्यांना ओळखा. त्यांनाही मार्केटिंग उत्तम येते.

मालकांनाही एक गोष्ट ऐकवायची आहे. दुकानाचे पेज सांभाळणाऱ्या, रात्री अकराला ग्राहकाला उत्तर देणाऱ्या मुलीला 'हे समाजकार्य आहे' म्हणून फुकट राबवू नका. श्रमाचे मोल मागणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. तिला ठरलेला पगार द्या, कामाची वेळ ठरवा. पेज आणि जाहिरातीचे खाते दुकानाच्या नावावर ठेवा आणि तिला कामापुरता प्रवेश द्या, म्हणजे उद्या ती गेली तरी भांडण नाही. आणि ती जाताना तिने काय काम केले, विक्री किती वाढवली, याचे लेखी पत्र द्या. ते पत्र कोणत्याही क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा तिच्या उपयोगी पडेल.

राहिला तो दुसरा वक्ता, आरक्षण विसरा म्हणणारा. त्याला एवढेच सांगू की मार्केटिंग शिकणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार सरकारी खात्यांच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. ते पूर्ण होते का, हे विचारणे चळवळीचे काम आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी करून, दरपत्रक तयार ठेवून दारात उभे राहणे व्यावसायिकाचे काम आहे. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. मार्केटिंगने जात जाणार नाही. पण हाताशी असलेले साधन जातीमुळे दुसऱ्याच्या हाती राहू देणे, हेही आंबेडकरी असण्याचे लक्षण नाही.

म्हणून एक साधा प्रस्ताव ठेवते. प्रत्येक जिल्ह्यात आंबेडकरी पुस्तकांची, मूर्तींची दोन-चार छोटी दुकाने आहेत. त्यांच्यापैकी एक निवडा. मालकाशी पगाराचे बोला आणि तीन महिने तिथे काम करा. येत्या ६ डिसेंबरला त्या स्टॉलवर एक जाड वही ठेवा आणि पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला विचारून त्याचे नाव, गाव, नंबर लिहा. ७ डिसेंबरला स्टॉल उठेल, पण परभणीच्या त्या मुलीला पुढचे पुस्तक कोणाकडून घ्यायचे हे माहीत असेल.

जय भीम!